दीडपट

अंडी, पहिल्यांदा

वस्ताद अंडी मुरवत.

हा शब्द त्यांचाच. मादीच्या पोटातून काढलेली अंडी पसरट घमेल्यात घ्यायची, वर ओलं फडकं टाकायचं आणि घमेलं सावलीत ठेवून द्यायचं. चांगला तासभर, कधी त्याहून जास्त. मधे कुणी घाई केली तर वस्ताद विचारत, "तुझ्या लग्नाचा मुहूर्त टळतोय का?" मग नराचं दूध. नराचं ते पांढरं पाणी, त्याला माशांच्या त्या केंद्रावर सगळे दूधच म्हणत. ते पातळ करून अंड्यांवर ओतायचं आणि श्वाससुद्धा न घेता गाळमातीचं पाणी घालून ढवळायला लागायचं. पळीने नाही, काठीने नाही. हाताने. बाही कोपराच्या वर, तळवा घमेल्याच्या तळाशी, आणि सगळं भोवऱ्यासारखं फिरतं ठेवायचं.

स्टर्जन माशाची अंडी चिकट असतात. नदीत दगडाला धरून राहावीत म्हणून ती तशी. उबवायच्या बरणीत मात्र ती एकमेकांना धरतात, गोळा होतो, गोळ्यातली मधली गुदमरतात, बुरशी येते, आणि एका गोळ्यापायी अख्खी बरणी जाते. वस्तादांच्या बरणीत गोळा झालेला कुणाला आठवत नव्हता. त्यांच्या हाताला गुण आहे, असं म्हणत. दुसऱ्या केंद्रांवरची माणसं तो हात बघायला येत आणि घरी जाऊन तसंच ढवळत.

मुरवण्याची सवय एका बिघाडातून लागली होती. वस्ताद तरुण होते तेव्हा नर नदीच्या खालच्या अंगाच्या केंद्रात ठेवलेले असत आणि दूध डब्यातून गाडीने येई. एका वर्षी गाडी वाटेत बंद पडली. अंडी तर काढून झालेली, ती परत पोटात कशी घालणार? वस्ताद फडकं टाकून घमेल्याशेजारी बसून राहिले. दूध आलं तेव्हा त्यांचं डोकं तापलेलं होतं, सगळा राग त्यांनी ढवळण्यात काढला. त्या वर्षीची पिल्लं आधीच्या कुठल्याही पिल्लांपेक्षा दणकट निघाली.

पुढच्या वर्षी गाडी वेळेवर आली. वस्तादांनी तिला फाटकाबाहेर थांबवून ठेवलं.

बिघाडाच्या वर्षी नदीचं पाणीही थंड होतं आणि केंद्रात नवं खाद्य आलं होतं. त्याचा विचार कुणी केला नाही.

काच, पहिल्यांदा

केंद्राचं काम एकच होतं. नदीतला स्टर्जन संपत आला होता, तो टाक्यांत वाढवून परत नदीत सोडायचा. लांबट मासा, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढालींच्या पाच रांगा, तोंडापुढे चार मिशा, तोंड खाली. वयात यायलाच त्याला पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे आज सोडलेल्या पिल्लाचं काय झालं हे कळेपर्यंत सोडणाऱ्याचे केस पांढरे झालेले असतात.

प्रयोगशाळेत वस्तादांची सून होती. शिकून, परीक्षा देऊन आपल्या बळावर लागलेली, पण केंद्रावर तिला सगळे सूनबाईच म्हणत, साहेबांसकट. नवरा केंद्राचा टँकर चालवायचा. सासू वारल्यापासून आवाराच्या टोकाला असलेल्या दोन खोल्यांत तिघं राहत.

त्या हिवाळ्यात तळ्यातल्या माशांच्या अंगावर चट्टे उठले म्हणून सूनबाईने काही माशांचं रक्त काढलं. शेपटीखाली सुई, एक थेंब काचेवर, दुसऱ्या काचेने पसरायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. माशाच्या तांबड्या पेशीत मधोमध केंद्रक असतं, जांभळा ठिपका. तो ठिपका तिला मोठा वाटला.

भिंगात गडबड असेल म्हणून तिने भिंग बदललं. रंग जास्त झाला असेल म्हणून नवी काच केली. मग दुसरा मासा, तिसरा, दुसरं तळं. मोजपट्टी लावली. ठिपका मोठाच होता, आणि बहुतेक सगळ्यांचा सारखाच मोठा. चट्ट्यांचं कारण तिला त्याच दिवशी सापडलं होतं, साधा परजीवी होता. त्याच्याकडे तिचं लक्षच राहिलं नाही. तिने नमुने शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले, तिथे केंद्रकातला ऐवज मोजणारं यंत्र आहे. उत्तर आलं: दीडपट.

तसं का होतं हे तिने वाचलेलं होतं. फक्त ते आपल्या घरात असेल असं वाटलं नव्हतं.

अंडं पोटातून बाहेर येतं तेव्हा त्यात आईच्या गुणसूत्रांचे दोन हिस्से असतात. नराचं दूध लागलं की अंडं त्यातला एक बाहेर टाकतं. एक आईचा राहिला, एक बापाचा आला, हिशेब जुळला. पण अंडं शिळं झालं किंवा पहिल्या काही मिनिटांत त्याला हिसके बसले, तर त्याला तो हिस्सा बाहेर टाकता येत नाही. दोन आईचे, एक बापाचा. दोनाच्या जागी तीन.

असं पिल्लू मरत नाही. खातं, वाढतं, ढाली नीट येतात, कधी तर चारचौघांपेक्षा बरं दिसतं. फरक पुढच्या पिढीत पडतो. त्याची गाठ नदीतल्या सरळ, दोनच हिश्शांच्या माशाशी पडली की मुलं होतात सव्वापट, ना धड इकडची ना तिकडची. त्यांच्यापुढे वंश कुंथत चालतो, नाहीतर थांबतो. आणि नदीतल्या त्या सरळ मादीची एका हंगामाची अंडी वाया जातात. तिला असे हंगाम आयुष्यात थोडेच मिळतात. दीडपट मासा नदीत कुणाला खात नाही. तो जोडीदार म्हणून जातो.

वस्तादांनी असे मासे नदीत तीस वर्षं सोडले होते.

फार मागे

वीस कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्याच्या आगेमागे, एका माशाच्या अंड्यात असंच काहीतरी चुकलं. सगळं दुप्पट झालं. हातात दोन-दोन किल्ल्या. ज्या कुलपाला एक पुरत होती तिथे एक राहिली, दुसरी मोकळी झाली. काही मोकळ्या किल्ल्या गंजून गेल्या, काहींनी घासत घासत वेगळी कुलपं उघडली. त्या चुकीचे वंशज म्हणजे हा मासा. डायनासोर आले, गेले, हा तळाशी चिखल हुंगत राहिला. पुढे त्याच्यातल्या काही जातींत सगळं पुन्हा एकदा दुप्पट झालं, तेही त्याने पचवलं.

पचलं ते आपल्याला दिसतं. तशीच चूक झालेली आणि न पचलेली अंडी किती, त्यांचा एक काटाही दगडात उमटलेला नाही.

टेबल, पहिल्यांदा

सूनबाईने दुपारच्या जेवणाला सांगितलं. आधी नवऱ्याला सांगून झालं होतं. तो म्हणाला होता, बाबांना सांगू नकोस, त्यांचं निवृत्तीचं वर्ष आहे, जाऊ दे सुखाने. तिने विचारलं होतं, आणि येत्या हंगामात? त्यावर तो गाडी धुवायला गेला.

वस्ताद जेवत राहिले. तिने टेबलावरचे पेले सरकवून दोन हिस्से, तीन हिस्से करून दाखवले. त्यांनी त्यातलाच एक पेला उचलून पाणी प्यायलं.

"दीडशहाणी माणसं पुष्कळ पाहिली," ते म्हणाले. "दीडपट मासा आजच ऐकतोय."

नवरा हसला. मग बापाच्या तोंडाकडे बघून त्याने मान ताटात घातली.

मग वस्तादांनी एकेक काढायला सुरुवात केली. तू या घरात आलीस तेव्हा तुला घमेलं कुठल्या बाजूने धरायचं हे ठाऊक नव्हतं. तुझ्या त्या यंत्राने कधी अंडं उबवलंय का? बाहेरून लोक माझा हात बघायला येतात, तुझी काच बघायला कोण आलं? शेवटी त्यांनी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, नक्की सांगता येणार नाही, मामंजी, पण गाडी बंद पडली त्या वर्षापासून धरा. वस्तादांनी ताटात हात धुतला. घरात तसं कुणी करत नसे.

दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. डोळा लावून बराच वेळ उभे राहिले. सरळ माशाची काच कुठली आणि दीडपटीची कुठली हे त्यांना ओळखता आलं नाही. तिने मोजपट्टी लावून दाखवलं.

"मोठी आहे ती वाईट कशी?" त्यांनी विचारलं.

तिने सगळं परत सांगितलं. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

साहेब

साहेब म्हणाले की हे बघा सूनबाई तुम्ही फार मोलाचं काम केलं आहे आणि मी ते वर कळवणारच आहे पण योग्य वेळी, कारण आत्ता कळवलं तर विचारतील तीस वर्षं काय झोपला होतात, आणि ते विचारणार मला, वस्तादांना नाही, शिवाय तीस वर्षांपैकी माझी फक्त चार आहेत, तेव्हा आपण असं करू की तळी हळूहळू रिकामी करू, रोग आला म्हणू, रोग आलेलाच आहे ना, तुम्हीच काच केलीत, आणि मासे व्यापाऱ्याला देऊ, माणसाने खाल्ले तर काही होत नाही ना, नाही ना, मग झालं.

तळी रिकामी झाली. जाळं ओढायला वस्ताद स्वतः पाण्यात उतरले. कुणी सांगितलं नव्हतं. सूनबाई काठावर बसून एकेका माशाचं रक्त घ्यायची, काच करायची, मान हलवायची. मान हलली की मासा ट्रकमध्ये. सगळ्या तळ्यांत मिळून सरळ नर दोन निघाले. त्यातल्या एकाची शेपटी वाकडी होती, वस्तादांनी तो केव्हाच बाद करून कोपऱ्यातल्या टाकीत टाकलेला होता.

सरळ मादी एकही नव्हती.

टाकी

वसंतात कोळ्यांच्या जाळ्यात म्हातारी सापडली.

कितीतरी वर्षांत नदीतून पोटात अंडी असलेली मादी मिळाली नव्हती. माणसापेक्षा लांब, पाठीवरच्या ढाली झिजून गुळगुळीत, एका मिशीचं टोक तुटलेलं. सूनबाईचा नवरा टँकर घेऊन गेला आणि येताना इतका हळू आला की मागच्या गाड्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. म्हातारी टाकीत उतरली, एक फेरी मारली आणि तळाशी जाऊन बसली. सगळं केंद्र कठड्याला टेकून बघत होतं. म्हातारी हे नाव तिला कुणी दिलं ते कळलं नाही, पण संध्याकाळपर्यंत तेच पडलं.

तिच्या परावर बिल्ला नव्हता. केंद्रातून सोडलेल्या माशाला बिल्ला असतो. बिल्ला नाही म्हणजे नदीतलीच, अस्सल. म्हणजे सरळ.

सूनबाईने साहेबांना सांगितलं, ही शेवटची संधी आहे. ही मादी, ते दोन नर, आणि या वेळी न मुरवता, न हिसकता. जमलं तर नदीला पुन्हा खरी पिल्लं मिळतील. नाही जमलं तर दुसरी मादी यायची नाही. साहेब म्हणाले, जमवा, पिल्लं सोडायला मी पाहुणे बोलावतो.

तिला लगेच रक्त घ्यायचं होतं. वस्तादांनी तिचा सुईचा हात अडवला. केंद्राचा जुना नियम होता: अंडी निघेपर्यंत मादीला एकच सुई, अंडी सुटायच्या औषधाची. दुसरी टोचली तर ती बिथरते, अंडी अडवून धरते. तो नियम खरा होता. तिनेही एकदा तसं होताना पाहिलेलं होतं. शिवाय बिल्ला नव्हताच. तिने सुई परत डब्यात ठेवली.

त्या दिवसांत वस्ताद घरी परातीत पाणी आणि मोहरी घेऊन बसायचे. हात हळू फिरवायचे. मोहरी तळाला टेकली पाहिजे, पण थांबता कामा नये. तीस वर्षांचा हात ऐकत नव्हता, दोन फेऱ्यांनंतर आपोआप जोर घ्यायचा. जोर आला की ते मनगट दुसऱ्या हाताने धरायचे.

"गाढवाला नवी वाट शिकवतोय," ते सुनेला म्हणाले. खूप दिवसांनी ते तिच्याशी जेवणाखाण्याशिवाय काही बोलले होते.

अंडी, दुसऱ्यांदा

वस्तादांनी अंडी मुरवली नाहीत.

मादीच्या पोटातून काढलेली अंडी त्यांनी पसरट घमेल्यात घेतली. काळपट हिरवी, टपोरी. फडकं नेहमीच्या खुंटीवर होतं, तिकडे त्यांचा हात गेला आणि अर्ध्यातून परत आला. वाकड्या शेपटीच्या नराचं दूध सूनबाईने आधीच काढून बर्फावर ठेवलेलं होतं. ते पातळ करून अंड्यांवर ओतलं. मग वस्ताद थांबले. नुसते उभे. अंड्यांना जे बाहेर टाकायचं ते टाकू दे म्हणून. थांबणं त्यांना येत होतं, पण ते दुधाच्या आधीचं, नंतरचं नाही. एका बाजूला दोन-चार अंडी एकमेकांना धरू लागली.

"घेऊ?" त्यांनी विचारलं. या कामात त्यांनी कुणाला विचारलेलं केंद्राने पहिल्यांदा ऐकलं.

ती म्हणाली, अजून नाही.

मग ती घ्या म्हणाली. गाळमातीचं पाणी, बाही कोपराच्या वर, तळवा तळाशी. घमेलं फिरलं नाही, डुललं. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट धरून ठेवलं होतं. धरू लागलेली अंडी एकेक करून सुटली.

गोळा एकही झाला नाही. बरण्या भरल्या, खालून पाणी सुरू झालं, अंडी पाण्यात सावकाश वरखाली होऊ लागली. वस्तादांनी हात धुतले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. सूनबाईने त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी कप डाव्या हाताने घेतला.

"आता टोच तुझ्या म्हातारीला," ते म्हणाले. "तुझा जीव अडकलाय त्यात."

काच, दुसऱ्यांदा

शेपटीखाली सुई, एक थेंब काचेवर.

तिने भिंग बदललं. नवी काच केली. मोजपट्टी लावली.

पुन्हा लावली.

बिल्ले लावायला सुरुवात होऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती. त्याआधीची अठरा वर्षं वस्ताद पिल्लं तशीच सोडत, बिनबिल्ल्याची. हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं. बिल्ला नाही म्हणजे नदीतली, हे सगळे इतक्या खात्रीने म्हणत होते की या दोन गोष्टी शेजारी ठेवून कुणी बघितल्याच नाहीत.

म्हातारी नदीतली नव्हती. ती याच आवारातून, याच घमेल्यातून गेली होती.

नवरा टँकरची किल्ली द्यायला आला आणि तिचं तोंड बघून दारातच थांबला. तिने सांगितलं. तो स्टुलावर बसला. म्हणाला, अंडी फुटेपर्यंत तरी थांब. त्यांनी आज काय केलंय ते पाहिलंस ना तू. आज सांगितलंस तर ते परत त्या पायरीवरून उठायचे नाहीत.

तिने स्वतःला सांगितलं की पिल्लं निघाल्यावर तीही तपासायला हवीत, तोवर नक्की काय बोलणार? ही सबब आहे हे तिला कळत होतं.

पिल्लं निघाली. भरपूर, मोतीचुरासारखी ट्रेभर वळवळणारी. वस्ताद दिवसातून दहादा येऊन बघत आणि शेजारच्या माणसाला म्हणत, सूनबाईचा हिशेब आणि माझा हात. साहेबांनी पाहुण्यांना दिवस कळवला.

सव्वापट. तिने जेवढी तपासली तेवढी सगळी.

टेबल, दुसऱ्यांदा

या वेळी त्यांनीच विचारलं.

"बोल," वस्ताद म्हणाले. "आठ दिवस घास मोजून खातेयस. म्हातारीचं आहे ना काही?"

तिने सांगितलं. पेले सरकवले नाहीत. त्यांना आता सगळं समजत होतं. नवरा ताटाकडे बघत बसला.

वस्तादांनी ताट बाजूला सारलं. मग त्यांनी म्हातारीचं वजन विचारलं. लांबी विचारली. स्वतःशीच काही जुळवत राहिले, कुठल्या सालची असेल, तेव्हा कुठल्या काठावर सोडायचो. सूनबाईला वाटलं, त्यांचा बांध आता फुटणार. फुटला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं.

"म्हणजे जगली," ते म्हणाले.

"हो."

"एवढं धरण, एवढी जाळी, एवढं गटार. त्यातून जगली ती."

"हो, मामंजी."

"माझी."

नवऱ्याने हळूच विचारलं, मग पिल्लांचं काय करायचं? तिने सांगितलं, सोडायची नाहीत. मारावी लागतील.

वस्तादांनी मान वर केली. ते चिडले नव्हते, वाद घालत होते, तिच्याच शब्दांत. म्हणाले, तूच म्हणतेस ना की नदीत सरळ मासा उरला नाही? मग ही पिल्लं बिघडवणार कुणाला? राहू दे त्यांना. तूच सांगितलंस की हा मासाच मुळात अशा चुकीतून झाला. वीस कोटी वर्षांपूर्वी कुणी काच लावून बसलं असतं तर या माशाचाही घोट घेतला असता. यांच्यातूनही निघेल एखादं. बघायला तू नसशील, मीही नसेन.

सूनबाईने बरेच दिवस याच मुद्द्यावर स्वतःशी भांडण केलं होतं आणि ते ती जिंकली नव्हती.

"नदीत उरला नाही असं मी नाही म्हटलं," ती म्हणाली. "मिळाला नाही म्हटलं. एखादी असेल."

"तू पाहिलीस?"

"नाही."

"मी चाळीस वर्षं नदीवर आहे. मी नाही पाहिली."

"तुम्ही म्हातारीही नव्हती पाहिली. होतीच ना ती?"

नवऱ्याने ताट उचललं आणि ते हातात धरून तसाच उभा राहिला.

"न पाहिलेल्या एका माशासाठी," वस्ताद म्हणाले, "डोळ्यांसमोरची एवढी मारायची."

"हो."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. सून म्हणून नाही, केंद्रातल्या माणसाकडे बघतात तसं. मग विचारलं, कशाने मारतात?

अंडी, तिसऱ्यांदा

आता ती अंडी नव्हती.

लवंगेचं तेल थोडं घातलं तर मासा गुंगतो. तपासणीसाठी ते केंद्रात असायचंच. जास्त घातलं तर तो उठत नाही. वस्ताद म्हणाले, ट्रे मी करतो, तू बाहेर जा. ती गेली नाही. त्यांनी बाटली तिच्या हातात दिली आणि स्वतः पाण्याच्या तोट्या बंद करत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खोलीत पाण्याचा आवाज कायम असायचा. तो थांबल्यावर कळलं की आपण इतकी वर्षं जरा मोठ्यानेच बोलत होतो.

पिल्लं आधी भराभर फिरली, मग तिरपी झाली, मग ट्रेच्या तळाशी एक राखाडी थर बसला. एका ट्रेत काही हलत होती. वस्तादांनी तिच्याकडून बाटली घेऊन आणखी तेल घातलं आणि ती थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले.

म्हातारीचं काय, हे कुणी काढलं नाही. तिला सोडता येत नव्हतं आणि मारायला कुणी तयार नव्हतं. ती टाकीत होती, आणखी तीस-चाळीस वर्षं जगू शकली असती.

साहेबांना सकाळी कळलं. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. सूनबाईला वाटलं ओरडतील. त्यांनी नुसतं विचारलं, हे कुणाकुणाला माहीत आहे? मग खिडकीशी जाऊन म्हणाले, पाहुणे निघालेत घरून. टँकरमध्ये पाणी भरा.

नवऱ्याने विचारलं, नुसतं पाणी?

पाणीच, साहेब म्हणाले.

काठावर खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब बोलले, पाहुणे बोलले. एका पाहुण्याने या प्राचीन जिवाच्या वतीने वस्तादांचे आभार मानले. मग घोषणा झाली की ज्यांच्या हाताला गुण आहे त्यांच्याच हाताने. वस्ताद उठले. टँकरचा झडप-दांडा जड होता, मुलगा मदतीला पुढे झाला, त्यांनी त्याला बाजूला केलं. दोन्ही हातांनी दांडा फिरवला. पाण्याचा जाड लोट नदीत पडला, फेस झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाई मागच्या रांगेत उभी होती. तिचे हात आपोआप वर आले, ते तिने खाली घेतले.

पुढच्या खुर्चीवरची एक बाई वाकून वाकून पाण्यात बघत होती. तिने वस्तादांना विचारलं, मासे दिसले नाहीत हो?

साहेबांनी तोंड उघडलं, पण वस्ताद त्यांच्या आधी बोलले.

"फार लहान असतात," ते म्हणाले. "असे दिसत नाहीत."